एक्के विचारण्याआधी : ब्रिजमध्ये भिडूबरोबर स्लॅमपर्यंत कसे पोहोचावे

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये बारा हात करण्याची बोली म्हणजे छोटा स्लॅम आणि तेराच्या तेरा हातांची बोली म्हणजे ग्रँड स्लॅम. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये पनामा कालव्यातून हवानाकडे निघालेल्या ‘फिनलंड’ जहाजावर या खेळाची नवी गुणपद्धती मांडली, तेव्हा स्लॅमचे घसघशीत बक्षीस त्यांनी फक्त आधी बोलून दाखवणाऱ्यांसाठीच ठेवले. गेमची (बक्षीस मिळण्याइतकी मोठी, पण स्लॅमहून लहान) बोली लावून चुकून बारा हात झाले, तर वरच्या हातांचे किरकोळ गुण मिळतात आणि बक्षीस हुकते. मेंढीकोट किंवा तीनशेचार खेळत वाढलेल्या माणसाला हुकूम, भिडू आणि उतारी या गोष्टी नव्याने शिकाव्या लागत नाहीत, परंतु बोलीतून भिडूशी पद्धतशीर संभाषण करणे हे त्याला नवीन असते, आणि स्लॅमच्या वेळी तर ते संभाषण सर्वांत लांब चालते. ते कोणत्या क्रमाने करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे : एक्के विचारण्याची बोली ही स्लॅम शोधण्यासाठी नसून नको तो स्लॅम टाळण्यासाठी आहे, आणि म्हणून ती अगदी शेवटी लावायची असते.

प्रथम हिशेब पाहू. आपण व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत, आहोत आणि हुकूम इस्पिकचा आहे असे समजा. बोलीतील आकड्यात सहा मिळवले की करायच्या हातांची संख्या येते. ४ इस्पिकची बोली लावून बारा हात केले तर ६८० गुण मिळतात, तर ६ इस्पिक बोलून तेच बारा हात केले तर १४३० मिळतात, म्हणजे फायदा ७५० गुणांचा. उलट हात अकराच झाले तर ४ इस्पिकमध्ये मिळणारे ६५० गुण जातात आणि वर १०० चा दंड बसतो, म्हणजे तोटाही ७५० चाच. व्हल्नरेबल नसताना हेच आकडे दोन्ही बाजूंना ५०० होतात. याचा अर्थ असा की छोटा स्लॅम होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल तर तो बोलावा. सर्व काही एका फिनेसवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे उंच पान सोयीच्या बाजूला असेल या निम्म्या शक्यतेच्या अंदाजावर, अवलंबून असेल तर तो स्लॅम काठावरचा ठरतो. प्रतिस्पर्ध्यांकडील पाच पाने ३-२ अशी विभागली असणे एवढेच पुरेसे असेल तर ती शक्यता ६८ टक्के असते आणि असा स्लॅम बिनदिक्कत बोलावा. परंतु फिनेसही लागला पाहिजे आणि ३-२ विभागणीही हवी, अशा दोन अटी असतील तर शक्यता ३४ टक्क्यांवर येते, आणि तेव्हा गेमवर थांबणेच शहाणपणाचे.

बारा हात येतात कोठून? दोन्ही भिडूंचे पत्ते समतोल असतील आणि बोली नोट्रंपची, म्हणजे बिनहुकमाची, असेल, तर ते बहुतांशी उंच पानांतूनच यावे लागतात, आणि त्यासाठी दोघांचे मिळून सुमारे ३३ गुण लागतात. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक, ही गणना येथे गृहीत धरली आहे. संपूर्ण पत्त्यांत ४० गुण असतात, म्हणून ३३ गुण हाती असताना प्रतिस्पर्ध्यांकडे सातच उरतात आणि त्यांच्याकडे दोन एक्के असूच शकत नाहीत. हुकूम ठरलेला असला की मात्र हे गणित पार बदलते, कारण एखाद्या रंगाचे एकच पान असणे हे कित्येकदा एक्क्याइतके मोलाचे ठरते. नुसते गुण मोजून स्लॅम बोलणारे आणि नुसते गुण मोजून स्लॅम सोडणारे, दोघेही येथे फसतात.

म्हणून पहिले काम म्हणजे हुकूम ठरवणे, आणि तो शक्य तितक्या खालच्या पायरीवर, म्हणजे बोलीतील लहान आकड्यावर, ठरवणे. हुकूम तिसऱ्या पायरीवर निश्चित झाला तर गेमच्या आत चौकशीला जागा उरते, तर चौथ्या पायरीवर उडी मारून ठरवला तर ती जागा आपणच खाऊन टाकलेली असते. समजा १ इस्पिकच्या उघडणीवर तुम्ही २ किलवर बोललात आणि तुमच्या पद्धतीत ही बोली गेमपर्यंत बांधून ठेवणारी आहे. भिडूने २ इस्पिक म्हटल्यावर सरळ ४ इस्पिक बोलणे म्हणजे ‘माझ्याकडे जेमतेम ताकद आहे, येथेच थांबू’, आणि ३ इस्पिक बोलणे म्हणजे ‘हुकूम ठरला, माझ्याकडे आणखी काही आहे, तुझे सांग’. वरवर पाहता उलटे वाटते, कारण मोठी बोली दुबळी आणि लहान बोली बळकट असते. नवशिक्या जोड्या बहुधा येथेच अडखळतात, तेव्हा खेळायला बसण्यापूर्वी एवढी एक गोष्ट तरी भिडूशी स्पष्ट करून घ्यावी.

आता एक डाव पाहू. उघडणाऱ्याकडे इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, ८, ५. बदामचे राजा, राणी, ६. चौकटचे ७, ३. आणि किलवरचे एक्का, राणी, ४ आहेत. भिडूकडे इस्पिकचे राणी, १०, ६, २. बदामचे एक्का, गुलाम, ५. चौकटचे राणी, ४. आणि किलवरचे राजा, गुलाम, ७, ३ आहेत. एकोणीस आणि तेरा मिळून बत्तीस गुण झाले, आणि इस्पिकची नऊ पाने जुळली. १ इस्पिकच्या उघडणीवर भिडूने जेकोबी पद्धतीने २ नोट्रंप म्हटले, म्हणजे ‘इस्पिकची किमान चार पाने आणि गेमपुरती ताकद’ दाखवली. येथे अनेक जण आनंदाच्या भरात लगेच ४ नोट्रंप बोलून एक्के विचारतात. उत्तर येते, एक. उघडणाऱ्याकडे दोन एक्के आणि हुकमाचा राजा आहेच, तेव्हा एकच महत्त्वाचे पान बाहेर आहे असे समजून तो ६ इस्पिकवर जातो, आणि चौकटची उतारी होताच प्रतिस्पर्धी एक्का आणि राजा असे पहिले दोन्ही हात घेऊन मोकळे होतात. गंमत अशी की उतारी दुसऱ्या कोणत्याही रंगाची झाली तर इस्पिकचे पाच, बदामचे तीन आणि किलवरचे चार असे बारा हात तयारच आहेत. परंतु चौकट कोणी बोललेलेच नसताना प्रतिस्पर्धी ती उतरणार नाहीत, ही आशा धरून स्लॅम बोलता येत नाही.

चूक कोठे झाली? उत्तर खरेच होते, प्रश्न चुकीचा होता. एक्का नसणे हा एका हाताचा तोटा आहे आणि तो स्लॅमला परवडतो. एकाच रंगाचे एक्का आणि राजा दोन्ही नसणे मात्र परवडत नाही, आणि ही गोष्ट एक्क्यांच्या संख्येवरून कळत नाही. ती कळण्यासाठी क्यू-बिडचा, म्हणजे प्रत्येक रंगातील कंट्रोल दाखवण्याचा मार्ग आहे. एक्का किंवा त्या रंगाचा पूर्ण अभाव हा पहिल्या फेरीचा कंट्रोल होय, आणि राजा किंवा एकटे पान हा दुसऱ्या फेरीचा. हुकूम ठरल्यानंतर गेमच्या आत ज्या रंगात असा कंट्रोल असेल तो रंग बोलायचा, सर्वांत स्वस्त बोलीपासून सुरुवात करायची (रंगांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा असतो), आणि मधला एखादा रंग ओलांडला तर ‘तेथे माझ्याकडे काही नाही’ असे सांगितल्यासारखे समजायचे. ओलांडलेला रंग बोललेल्या रंगाइतकाच बोलका असतो. काही जुन्या जोड्या प्रथम फक्त एक्केच दाखवतात. तीही पद्धत चालते, मात्र दोघांचे एकमत हवे.

तोच डाव या मार्गाने पुन्हा बोलू. १ इस्पिक, २ नोट्रंप, ३ इस्पिक. या तिसऱ्या बोलीने उघडणाऱ्याने जादा ताकद दाखवली आणि एकटे पान नसल्याचे सांगितले. भिडू ४ किलवर बोलतो, कारण त्याच्याकडे किलवरचा राजा आहे. आता उघडणारा ४ बदाम बोलतो. त्याने ४ चौकट ओलांडले, म्हणजे चौकटमध्ये त्याच्याकडे एक्का, राजा किंवा एकटे पान यांपैकी काहीही नाही. भिडू स्वतःच्या चौकटच्या राणी आणि चव्वीकडे पाहतो, दोघांपैकी कोणाकडेच कंट्रोल नाही हे ओळखतो आणि ४ इस्पिक बोलून थांबतो. उघडणाऱ्याच्या हाती एकोणीस गुण असले तरी त्याने येथे पास द्यायचा असतो, कारण भिडूकडे चौकटचा कंट्रोल असता तर त्याने बोली पुढे नेली असती. अकरा हात होतात आणि गेम मिळतो.

आता उघडणाऱ्याचे पत्ते तेच ठेवून भिडूचे थोडे बदलू : इस्पिकचे राणी, १०, ६, २; बदामचे एक्का, गुलाम, ५; चौकटची एकटी चव्वी; आणि किलवरचे राजा, गुलाम, ७, ३, २. गुण तेरावरून अकरावर आले, दोघांचे मिळून तीसच राहिले, तरी स्लॅम जवळजवळ हातचा झाला, कारण चौकटमध्ये आता एकच हात जातो. हे सांगण्यासाठी स्प्लिंटर नावाची बोली आहे. १ इस्पिकवर थेट ४ चौकट अशी दुहेरी उडी मारली की ‘हुकूम इस्पिक, माझ्याकडे त्याची किमान चार पाने, गेमपुरती ताकद आणि चौकटमध्ये फार तर एक पान’ एवढे सगळे एका दमात कळते. ही बोली डोरोथी हेडन यांनी १९६० च्या दशकात रूढ केली, आणि माझ्या मते स्लॅमच्या बाबतीत सामान्य जोडीने शिकण्यासारखी हीच पहिली बोली आहे. उघडणाऱ्याने ती ऐकल्यावर आपल्या चौकटकडे पाहावे. तेथे ७ आणि ३ असतील तर त्याची सर्व ताकद इतर तीन रंगांत आहे आणि तिचा पुरेपूर उपयोग होईल. तेथे राजा, राणी आणि गुलाम असतील तर ते सहा गुण एकट्या पानासमोर बहुतांशी वाया जातात, आणि तेव्हा ४ इस्पिकवर थांबणे बरे.

या दुसऱ्या डावात मात्र ४ नोट्रंप योग्य वेळी येते. चौकटमध्ये दुसऱ्या फेरीचा कंट्रोल आहे हे कळले, हुकूम ठरला, हातही मोजून झाले. आता भीती एवढीच की दोन एक्के बाहेर नसावेत. ही बोली अमेरिकेतील इंडियानापोलिसचे ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये सुचवली, आणि आज बहुतेक ठिकाणी तिचे ‘की-कार्ड’ हे सुधारित रूप खेळले जाते. त्यात चार एक्के आणि हुकमाचा राजा अशी पाच पाने मोजतात. प्रचलित एका रूपात ५ किलवर म्हणजे एक किंवा चार, ५ चौकट म्हणजे शून्य किंवा तीन, ५ बदाम म्हणजे दोन पण हुकमाची राणी नाही, आणि ५ इस्पिक म्हणजे दोन आणि शिवाय राणीही. या रूपाला ‘चौदा-तीस’ म्हणतात, आणि व्हल्नरेबल असताना इस्पिक किंवा बदामच्या छोट्या स्लॅमला मिळणारे १४३० गुण आठवले की उत्तरांचा क्रमही आठवतो. दुसऱ्या रूपात पहिल्या दोन उत्तरांची अदलाबदल असते. कोणते रूप खेळायचे हे न ठरवता टेबलावर बसलेली जोडी एखाद्या संध्याकाळी शून्य आणि एक यांत घोटाळा करते. आम्ही तो केला आहे, आणि दोन एक्के बाहेर असताना सहाच्या पायरीवर पोहोचलो आहोत.

शून्य की तीन, याचा उलगडा विचारणाऱ्याला बहुधा आधीच्या बोलींवरून होतोच. तरीही तो शंकेपोटी पाचच्या पायरीवर थांबला, आणि उत्तर देणाऱ्याकडे प्रत्यक्षात तीन असतील, तर त्याने पुढे जायचे असते. हा अपवाद सोडला तर विचारणारा हाच कर्णधार, आणि त्याने थांबल्यावर भिडूने स्वतःच्या उत्साहाने सहा बोलायचे नसते. पहिल्या दोन उत्तरांनंतर हुकमाची राणी विचारायची असेल तर हुकूम सोडून पुढची सर्वांत स्वस्त बोली लावतात. दोघांची मिळून हुकमाची दहा पाने होतात हे उत्तर देणाऱ्याला माहीत असेल, तर राणी नसतानाही त्याने ती असल्याचे सांगावे, कारण दहा पाने असताना ती पडण्याची शक्यता चांगली असते.

आपल्याकडे एखाद्या रंगाचा पूर्ण अभाव असेल तर ४ नोट्रंप विचारू नये. भिडूचा एक्का नेमका त्याच रंगाचा असेल तर तो आपल्या कामाचा नाही, आणि उत्तरातील संख्येवरून हे कळायला मार्ग नाही. तसेच कोणतेही उत्तर आले तरी आपण सुरक्षित ठिकाणी थांबू शकू का, हे विचारण्याआधीच पाहावे. हुकूम बदामचा असेल आणि उत्तर ५ इस्पिक आले तर ५ बदामवर परतण्याची वाट बंद होते. हुकूम किलवरचा असेल तर ५ किलवर वगळता प्रत्येक उत्तर आपल्याला गेमच्या पलीकडे ढकलते. म्हणूनच किलवर आणि चौकटच्या स्लॅमसाठी अनेक अनुभवी जोड्या हुकमाच्या लगतच्या वरच्या रंगाची चौथ्या पायरीवरील बोली हाच एक्क्यांचा प्रश्न मानतात. सोय मोठी आहे, परंतु ती बोली खरा रंग दाखवते की प्रश्न विचारते याचा गोंधळ झाला तर किंमतही मोठी पडते, म्हणून नव्या भिडूबरोबर मी ती खेळत नाही.

नोट्रंपच्या उघडणीनंतरचे ४ नोट्रंप ही वेगळीच बोली आहे, आणि तिला एक्के सांगून उत्तर देणे ही फार जुनी चूक आहे. भिडूने १५ ते १७ गुणांवर १ नोट्रंप उघडले आणि आपल्याकडे १६ समतोल गुण असले, तर ४ नोट्रंप म्हणजे ‘तुझ्याकडे कमाल असेल तर सहा बोल, नाहीतर पास दे’ असे केवळ आमंत्रण असते. आपल्याकडे १८ असतील तर आमंत्रणाचीही गरज नाही, किमान ३३ झालेच, सरळ ६ नोट्रंप बोलावे. अशा ठिकाणी एक्केच विचारायचे झाले तर त्यासाठी जॉन गर्बर यांच्या नावाने ओळखली जाणारी ४ किलवरची बोली आहे.

ग्रँड स्लॅमबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो थोडक्यातच बोलावा. तेरावा हात हुकला की गेम आणि छोटा स्लॅम दोन्हींचे गुण जातात, म्हणून त्याला सुमारे ६७ टक्के शक्यता लागते. की-कार्डच्या उत्तरानंतरची ५ नोट्रंप ही बोली पाचही पाने आपल्याकडे असल्याची ग्वाही देते आणि बाजूच्या रंगांतील राजे विचारते. हातात कागद असल्याप्रमाणे तेरा हात मोजता येत असतील तरच सात बोलावे. ‘कोठून तरी तेरावा येईल’ असे म्हणून बोललेले सात मी अनेकदा पाहिले आहेत, आणि तो तेरावा हात फारसा आलेला पाहिलेला नाही.

या सर्व संभाषणाची एक किंमतही असते. प्रत्येक क्यू-बिड प्रतिस्पर्धी ऐकत असतात. भिडूच्या ४ चौकटवर एखाद्याने डबल दिला तर तो बहुधा चौकटची उतारी मागत असतो. म्हणून ज्या माहितीने आपला निर्णय बदलणार नाही ती माहिती विचारू नये. सर्व रंगांत कंट्रोल आहेत हे माहीत असेल आणि प्रश्न फक्त एक्क्यांचा असेल, तर क्यू-बिडची माळ लांबवण्यात अर्थ नाही.

शिष्टाचाराचा एक मुद्दा स्लॅमच्या वेळी विशेष बोचतो. उत्तर ऐकून विचारणारा दोन मिनिटे छताकडे पाहत बसतो आणि मग अनिच्छेने ५ इस्पिक या बोलीचे छापील पान पुढे सरकवतो. त्या विलंबातून भिडूला कळते की सहा बोलावेसे वाटत होते. ही माहिती बोलीतून आलेली नाही, आणि ब्रिजच्या नियमावलीतील सोळाव्या नियमानुसार भिडूला तिचा फायदा घेता येत नाही. त्याने येथून सहावर उडी मारली तर प्रतिस्पर्धी स्पर्धेच्या संचालकाला बोलावतील आणि गुण बदलले जाण्याची शक्यता असते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे ४ नोट्रंपचे पान ठेवण्यापूर्वीच प्रत्येक उत्तरानंतर काय बोलायचे हे ठरवून ठेवणे. विचार आधी करावा, म्हणजे उत्तरानंतर करावा लागत नाही.

सरावासाठी चौघे जमण्याची गरज नाही. दोघांनीच बसावे, पत्ते वाटताना तीन एक्के आणि चार-पाच राजे-राण्या आपल्या सव्वीस पानांत येतील असे पाहावे, आणि एकमेकांचे पत्ते न पाहता कागदावर बोली लिहीत जावे. बोली संपल्यावर दोन्ही पत्ते उघडे करून प्रथम शक्यता काढावी : हा स्लॅम एका फिनेसवर आहे, ३-२ विभागणीवर आहे, की तयार बारा हातांवर? उरलेली सव्वीस पाने त्यानंतरच उघडावीत. तेथे हुकमाची चारही पाने एकाच बाजूला निघाली आणि स्लॅम बुडाला, तरी वहीत त्या बोलीसमोर बरोबरची खूण करावी, आणि दोन फिनेस लागून झालेल्या स्लॅमसमोर फुली मारून तो कोणत्या बोलीपाशी घसरला ते दोघांनी शोधावे.